यादीच्या माथ्यावरची टिक

मी आयुष्यात सगळ्यात जास्त ज्यांचं देणं लागतो, ते काका माझ्या नात्याचे नव्हते. कडावला आमच्या घराला लागून त्यांचं घर होतं आणि ते मोहोपाड्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर होते, एवढाच संबंध. दहावीनंतर वडील मला शेतावर घेणार होते. तेव्हा काका आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "पोराला माझ्याकडं धाड. लावनीला मानसं मिलतील तुला. याच्यावानी वाचनारं गावात दुसरं कोन हाय, दाखव."

कारखान्याच्या वसाहतीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत राहून मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गुणपत्रिका काकांनी उलटसुलट करून पाहिली. "म्हंजे आता तुला काय काय येतं रं?" पुढे कारखान्यात संगणक आला, विभाग निघाला, आणि अर्जाचा कागदही काकांनीच आणून माझ्या हातात ठेवला. मी लागलो.

कारखान्यात प्रत्येक कामगाराला बिल्ला नंबर होता. गेटवर, कँटीनमध्ये साहेब लोक नंबरानेच हाक मारत. काकांना ते आवडायचं नाही. "नंबर बँकेच्या म्हशीच्या कानात असतो," ते म्हणायचे, "मी काय कर्जात घेतल्येली म्हैस हाय?" त्यामुळे आम्ही तरुण मंडळी त्यांचा नंबर कधी तोंडातून काढत नसू. टाइम ऑफिसमध्ये हजेरी वाचतानासुद्धा बाकीच्यांचे नंबर वाचले जायचे आणि त्यांच्या जागी नुसतं "काका". आम्हाला तो मान वाटायचा.

काका ज्या खात्यात होते तिथे रक्ताला बाधणाऱ्या द्रावकांच्या (सॉल्व्हंटच्या) वाफा असत. त्या खात्यातल्या प्रत्येकाचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासलं जाई. कोणाची पाळी आली, त्याची यादी आणि चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. बाकीचे सगळे प्रोग्रॅम मुंबईहून विकत आणलेले. हा एकटा माझा. त्याची पहिली चिठ्ठी निघाली ती काकांची, कारण यादीत ते सगळ्यांत जुने. ती दवाखान्यात न देता त्यांनी खिशात ठेवून घेतली होती. मला दुसरी छापावी लागली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या संगणकाची मूळ व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बदलली. मुंबईचा इंजिनीयर फ्लॉप्यांचा डबा घेऊन आला, दोन दिवस बसला आणि गेला. जुने प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर नीट चालतात की नाही, हे एकेक करून तपासायचं काम माझ्याकडे आलं. जेवताना मी काकांना हे समजावून सांगत होतो. ते म्हणाले, "म्हंजे खाचर नवं, बियानं जुनं. रुजतंय का ते बगायचं. मंग नीट बग बाबा. वरून हिरवं दिसतं, आन् लोंबीत दाना नसतो."

तपासण्याची आमची पद्धत साधी होती. जुन्या सिस्टिमवर छापलेला कागद आणि नव्या सिस्टिमवर छापलेला कागद समोरासमोर धरायचा. एकाने जुना वाचायचा, दुसऱ्याने नव्यावर पेन्सिलीने टिक करायची. माझ्याबरोबर टाइम ऑफिसातला खालापूरचा माझा मित्र असे. सहा दिवस आम्ही हेच केलं. रक्त तपासणीची यादी शेवटच्या दिवशी आली.

"आता तुझं लाडकं बाळ," तो म्हणाला. "वाच."

"काका," मी वाचलं.

"काका हाजीर! ते कुठे जातायत?" हसतच त्याने कागदाच्या माथ्यावर टिक केली. "पुढं बोल."

मी पुढचा नंबर वाचला. तो होता. त्याच्या पुढचाही होता. शेवटपर्यंत सगळे होते. "सर्व प्रोग्रॅम तपासले, बरोबर आढळले," असं लिहून मी खाली सही केली. आपल्या सहीने कारखान्याचं काही ठरतं, याचा त्या दिवशी मला अभिमान वाटला होता.

महिन्याभराने काका कँटीनमध्ये भेटले. "या खेपेला मला रक्ताची चिठ्ठी नाय आली रं. बाकीच्यांना आली."

"यादीत नसेल तर तुमची पाळी नसेल, काका. मी स्वतः तपासलंय. मशीन चुकत नाही."

"तू बगितलंस ना? मंग झालं." त्यांनी चहा संपवला. "तुज्या मशीनला मी ठनठनीत दिसतो म्हनायचा."

मी हसलो. एवढ्याशा हसण्याची लाज माणसाला इतकी वर्षं वाटू शकते, हे तेव्हा माहीत नव्हतं.

पाच-सहा महिन्यांनी काकांना जिना चढताना दम लागायला लागला. बादली उचलली तरी दंडावर काळेनिळे डाग उठायचे. काकी मागे लागल्या तेव्हा ते दवाखान्यात गेले. रक्त बनणंच कमी झालं होतं. कारखान्याच्या डॉक्टरांनी मला मागचा रिपोर्ट शोधून आणायला सांगितलं, आणि तो नव्हताच. मी कपाटातून तपासणीचे दोन्ही कागद काढले. जुन्यावर पहिल्या ओळीत काका होते. नव्यावर ते नव्हते. मित्राची टिक मथळ्याखालच्या कोऱ्या जागेत होती.

कारण शोधायला पाऊण तास लागला. नंबरासाठी मी चार अंकांची जागा ठेवली होती. काका कारखान्याच्या पहिल्या तुकडीतले, त्यांचा नंबर तीन अंकी; त्या तुकडीतलं दुसरं कोणी आता त्या खात्यात उरलं नव्हतं. अंकांच्या आधी राहिलेल्या मोकळ्या जागेला जुनी सिस्टिम शून्य समजून घ्यायची. नवी तसं करत नव्हती, ती ओळच सोडून देत होती. मी त्यांचा नंबर एकदा तोंडाने उच्चारला असता, तर मित्राच्या डोळ्यांनी तो कागदावर शोधला असता.

डॉक्टर म्हणाले, "सहा महिने आधी कळतं तर खातं बदलून दिलं असतं. वाचले असते की नाही, ते मी सांगू शकत नाही." चूक मी साहेबांना लेखी कळवली. त्यांनी कागद फाइलला लावला. मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी बघितलंच नाही रे. तू काका म्हणालास, आणि मला दिसलेच."

काका कडावला परत गेले. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेलो आणि पेज पिऊन, भाताच्या गोष्टी करून परत आलो. शेवटी आंतर्देशीय पत्र लिहिलं. ते पोचल्यानंतर तिसऱ्या दिवशी, मी जाण्याच्या आधीच, काका वारले. पुढे काकींनी ते पत्र मला परत दिलं. कडा व्यवस्थित फाडलेल्या होत्या. काकांनी ते वाचलं का, हे मी विचारलं नाही.

*तीर्थस्वरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार.*

*तोंडावर सांगायचा धीर झाला नाही म्हणून लिहितो. तुम्हाला रक्ताची चिठ्ठी आली नाही, ती माझ्या चुकीमुळे. नव्या सिस्टिममध्ये माझ्या प्रोग्रॅममधून तुमची ओळ गळली. ती गळलेली मला दिसली नाही, कारण यादी वाचताना मी तुमचा नंबर वाचला नाही, काका म्हणालो. तुम्ही विचारलंत तेव्हाही मी कागद उघडून पाहिला नाही. मशीन चुकत नाही म्हणालो. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.*

*आता प्रोग्रॅम दुरुस्त केला आहे. काल यादी पुन्हा छापली आणि एकट्याने मोठ्याने वाचली. तुमचा नंबर दोनशे सतरा. तो पहिल्या ओळीत आहे. नंबर घेतला म्हणून रागावू नका.*

*नीट बघ म्हणून तुम्ही सांगितलं होतं. रविवारी येतो. घरात घेऊ नये असं वाटलं तर काकींना दाराशी तसं सांगायला सांगा, मी ओट्यावर बसेन.*

*तुमचा,*
*तुम्ही शिकवलेला*