आरतीच्या टाळ्या आणि छातीचे ठोके

मैत्रिणींनो, आज दुपारी पार्सल आलं. ठोके मोजणारं मनगटी घड्याळ, चौदाशे नव्वद रुपये, घरपोच फुकट. लेकीनं हट्ट धरला म्हणून घेतलं, नाहीतर तेवढ्यात गोडेतेलाचा डबा आला असता.

संध्याकाळी आरतीला उभी राहिले. टाळ्या वाजवता वाजवता सहज घड्याळात बघितलं, तर ठोके एकशे बासष्ट!

ह्यांनी पाहिलं आणि आरती तिथंच थांबवली. "गाडी काढतो, शिक्रापूरला दवाखान्यात चल. आन् उद्या बायांसंगं वढूला समाधीच्या दर्शनाला चालत जायचं न्हाई!"

"अहो, मला काही होत न्हाई. आरती तर पुरी करा!"

गलका ऐकून शेजारची सुमन आली. ती आशा वर्कर आहे. माझा हात बघून हसायलाच लागली. "काकू, घड्याळ हाय का पाटली? बांगड्यांत लोंबतंय की!"

तिनं मला पाच मिनिटं बसवलं. घड्याळ बांगड्यांच्या मागं, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधलं. मग दुसऱ्या हाताची नाडी धरून पूर्ण मिनिटभर मोजली. नाडी शहात्तर, घड्याळात सत्त्याहत्तर.

"ढिलं घड्याळ टाळ्याच मोजत होतं, काका."

ह्यांनी पुन्हा निरांजन उचललं.

पहाटे वढूला निघतेय. पण हात वर केला की बांगड्या घड्याळावर आपटतात, आणि हिरव्या बांगड्या मी काढणार नाही. तुम्ही काय युक्ती करता? निघायच्या आत इथंच लिहून कळवा.