नक्कल चालू असताना दाबलेला गुडघा

"एटलुंज, भाई, बस एटलुंज."

म्हणजे एवढंच. आमच्या फिजिओथेरपीवाल्या बेन हे अगदी मधात बुडवून म्हणायच्या आणि पुढे जे व्हायचं ते कधीच एवढंच नसायचं.

मी बडोद्यात हरणीला मामाकडे राहतो. शाळा गावाकडे झाली, नोकरीसाठी इकडे आलो. फतेगंजच्या वळणावर वाळूवरून स्कूटर घसरली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर पाय वाकेचना. लाकडी फळीच झाली त्याची. डॉक्टर म्हणाले, व्यायामाने वाकला नाही तर परत भूल देऊन वाकवावा लागेल. मला त्या टेबलावर परत जायचं नव्हतं. बाकी काही मागणं नव्हतं माझं.

मला नकला येतात. सेंटरवर मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची करायचो, माइकमध्ये आधी तीनदा फुंकून मग पार्किंगवरून ओरडणारा. शेजारच्या खाटेवर कोयलीहून येणारे एक काका असायचे, ते तर पोट धरून हसायचे. बेनच फर्माइश करायच्या, "पेला सेक्रेटरीनी कर ने, त्या माइकवाल्याची."

त्या दिवशीही केली. मी माइकमध्ये फुंकतोय, आणि बेननी दोन्ही हातांनी पाय दाबून गुडघा वाकवला. न सांगता. मी किंचाळलो, पण आवाज निघाला तो सेक्रेटरीचाच. सगळे आणखी हसले. सोबत आलेली मामी व्हिडिओ काढत होती, तिने तो फॅमिली ग्रुपवर टाकलासुद्धा. आत्याने त्यावर हसून रडणारी तोंडं पाठवली. रडत मी होतो.

"जोयुं?" बेन खूश. "लक्ष दुसरीकडे होतं म्हणून पाय सैल सुटला. किती वाकला बघा."

घरी येईपर्यंत गुडघ्याचा नारळ झाला.

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना रे," मामी म्हणाली.

"तुझी दाढ काढतील तेव्हा मी पण जोक सांगतो. तुझ्या भल्यासाठी."

मग मी जायचंच बंद केलं. पाय परत आखडला. मामा येता-जाता माझ्या पायाकडे बघायचा. त्याचाही राग यायचा. शेवटी त्या भुलीच्या टेबलाच्या भीतीने गेलो आणि तोंड शिवून पडलो.

"केम भाई, आजे कॉमेडी नथी?"

"नाही. आधी सांगा, मग हात लावा."

"सांगितलं की तुम्ही पाय आवळता."

"आवळू दे. माझा आहे."

माझं गुजराती चांगलं आहे, पण भांडायला लागलो की मराठीच निघतं. त्यांना ते कळायचं, बोलताही यायचं. मग मी त्यांचीच नक्कल केली, तोंडावर. मान तिरकी, आवाजात मध. "एटलुंज, भाई, बस एटलुंज."

कोणी हसलं नाही. काकांनी भिंतीकडे तोंड केलं.

"हुं आवुं बोलुं छुं? अशी बोलते मी?"

"हो. खोटं बोलायच्या आधी."

बेन उठल्या. मग एक टॉवेल आणून माझ्या घोट्याला अडकवला, दोन्ही टोकं माझ्या हातात दिली आणि स्वतःचे हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसल्या. "तुम्ही ओढा. थांबा म्हणाल तिथे थांबायचं."

ओढलं. फसवलं होतं त्या दिवसापेक्षा पाय कितीतरी कमी वाकला. त्यांना दिसत होतं, पण हात पुढे आला नाही.

माफी काही त्यांनी मागितली नाही. त्या व्हिडिओवर अजून कोणीतरी नातेवाईक मधूनच अंगठा टाकतो, आणि माझं डोकं परत फिरतं.

रोज टॉवेल ओढत राहिलो. एकदा गुडघा एका जागी असा अडला की माझ्याने पुढे जाईना. मी बेनना म्हटलं, "आता तुम्ही दाबा. पण थांबा म्हटलं की थांबायचं."

"दबावुं छुं," त्या म्हणाल्या आणि मग दाबलं. दुखलं. "थांबा," मी म्हटलं. खरंतर अजून थोडा गेला असता, त्यांना हाताखाली कळत होतं आणि मला गुडघ्यात.

त्या थांबल्या.

मी श्वास घेतला. म्हटलं, "परत."