बाथरूमची ती पॅकबंद खिडकी

मंगळवार सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आज जरा सावरलेय म्हणून लिहितेय... घरं भाड्यानं देणाऱ्या सगळ्यांनी वाचा, आणि मला शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाला.

बऱ्याच जणांना माहीत आहे, मी सोलापुरात भाड्याच्या घरांची एजंट आहे. त्याच कमाईतून एक वन बीएचके स्वतःसाठीही घेतला, भाड्यानं द्यायला. म्हणजे या सगळ्यात एजंटही मीच आणि घरमालकीणही मीच... दोष ढकलायला तिसरं कुणी नाही.

दिवाळीनंतर टेंभुर्णीचे एक गृहस्थ दोन मुलींना घेऊन तो फ्लॅट बघायला आले. थोरली नोकरी करणारी, धाकटी फार्मसीला. त्यांना सगळं पसंत पडलं, फक्त बाथरूमची खिडकी कॉमन पॅसेजमध्ये उघडते हे खटकलं. "येता-जाता कुनीबी डोकावंल की ताई. तेवढी बंद करून द्या," म्हणाले.

आता इतकी चांगली पार्टी कोण सोडणार? त्याच संध्याकाळी मी माणूस बोलावला. खिडकीवर अॅक्रिलिकची शीट, चारही कडांना सिलिकॉन... मुंगी शिरणार नाही असं काम करून घेतलं. फोटो पाठवला, पलीकडून अंगठा आला, मी खूश!

आणि त्याच बाथरूममध्ये गॅस गीझर होता. माहीत नव्हतं असं नाही हं... जाहिरातीत 'गीझरसकट' असं मीच लिहिलं होतं.

वर आणखी एक शहाणपणा केला. शेजारच्या फ्लॅटमध्ये अक्का राहतात. घरी तेलुगू बोलणारं विणकरांचं कुटुंब, आणि अख्ख्या मजल्याची खबर अक्कांकडे. मी मुलींना किल्ली देतानाच सांगून ठेवलं, "त्यांना फार जवळ करू नका गं, लई चौकशा करतात."

सोलापूरकरांना सांगायला नको, आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अक्का एकेक दार बडवत "पाणी आलं, पाणी आलं" करत फिरतात. झोपलेले असा, आजारी असा, दार उघडेपर्यंत सुटका नाही. आधीच्या भाडेकरूनं तर माझ्याकडे तक्रारही केली होती.

मंगळवारी पाणी आलं. थोरली कामाला गेलेली, धाकटी घरात एकटी. अक्कांनी दार बडवलं, उत्तर नाही. चपला तर दारातच. पॅसेजमध्ये कान दिला तर आत शॉवर चालू... आणि कितीही हाका मारल्या तरी पोरगी ओ देईना.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आंघोळ करतेय, करू दे. मी तर नक्की म्हणाले असते. अक्कांनी भरायला आणलेली बादली पालथी घातली, तिच्यावर चढल्या आणि खलबत्त्यातल्या बत्त्यानं माझी ती शीट फोडली. आत मुलगी फरशीवर पडलेली, वर गीझर जळतोय.

त्यांनी आरडाओरडा केला तशी वरच्या मजल्यावरची दोन माणसं धावली. दार तोडून मुलीला बाहेर मोकळ्या हवेत आणलं, तिथून रिक्षानं दवाखान्यात. मग मला फोन. "खिडकी फोडली मी. भरून देते. तू आधी ये."

स्कूटीवरून जाताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? पोलीस येतील, माझं नाव येईल... हे आलं. मुलगी नंतर आठवली. लाज वाटते लिहायला, पण खरं आहे ते आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी कारण सांगितलं. बंद जागेत गॅस गीझर चालला की विषारी वायू साठतो आणि त्याला वासही नसतो. मी आजवर समजत होते, काही गडबड असली तर वास येईलच की! अजून थोडा उशीर झाला असता तर... असं म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

मुलगी शुद्धीवर आली. वडील टेंभुर्णीहून पोचले, तेव्हा ती ऑक्सिजन लावून पडली होती. मी सगळं कबूल करायचं ठरवूनच उभी होते. "दादा, चूक माझी. खिडकी मी बंद केली," म्हटलं, तर त्या माणसानं बाकड्यावर बसकणच मारली. "न्हाय ताई. मीच सांगितलं की तुमाला," म्हणाले आणि हमसून हमसून रडले. बापमाणसाला असं रडताना बघून मलाही आवरेना.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे ज्या ज्या घरांच्या किल्ल्या आहेत ती सगळी बाथरूमं बघत फिरले. एकात खिडकीला थर्माकोल कोंबलेला, एकात वर्तमानपत्र चिकटवलेलं, कबुतरं येतात म्हणून. दोन्हीकडे आत गॅस गीझर! आणि ही घरं मी स्वतः दाखवली होती हो... टाइल्स दाखवल्या, वास्तू सांगितली, पार्किंग मोजून दिलं. वरच्या त्या झरोक्याकडे कधी मान वर करून बघितलं नाही.

एजंट बंधू-भगिनींनो, घरमालकांनो, आज घरी जाताना एवढं बघा. गीझर बाहेर काढा, नाहीतर विजेचा बसवा. भाडेकरू कितीही म्हणाला तरी बाथरूमची खिडकी बुजवू नका. पडदा लावा, उंचावर तिरक्या पट्ट्या बसवा, पण हवा राहू द्या. पार्टी गेली तर गेली, दुसरी येते.

मुलगी आता बरी आहे. गीझर काढला, खिडकी उघडीच ठेवलीय. तिच्यावर अक्कांनी स्वतः शिवलेला पडदा लावलाय, आणि मला तिथं हात लावायची परवानगी नाही.

काल एका नव्या घराला पार्टी आली. बाईंनी विचारलं, "शेजारी कसे आहेत? फार डोकावत नाहीत ना?" इतकी वर्षं मी या प्रश्नाला "छे हो, कुणी बघतसुद्धा नाही" म्हणत आले...

काल मात्र त्यांना घेऊन शेजारचं दार वाजवलं आणि म्हटलं, "आधी यांची ओळख करून घ्या. घर नंतर बघू."