हजारो वर्षांचं खरकटं

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. उरलेले निवडून संपवले, मग उठले. तेव्हापासून मात्र एका जागी बसवत नाही. नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरात त्याच्या खोलीत दिवसातून दहा वेळा जाते, उभी राहते, परत येते.

तो माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून चौथीतून माझी शाळा सुटली, तो शिकत गेला. नागपूरचा माणूस, पण जन्म घालवला समुद्रकाठी, शेती येण्याआधी तिथे मासे मारून, शिंपले वेचून जगलेली माणसं शोधण्यात. ती माणसं आतलं खाऊन शिंपले एकाच जागी टाकायची. त्यांचे ढीग झाले, ढिगांवर माती चढली. सुधाकर ते थराथराने खणायचा आणि सुट्टीत पिशव्या भरून घरी आणायचा.

"काय आहे गा यात?" मी एकदा विचारलं.

"त्याईचं खरकटं, बाई."

"मंग दुसऱ्याचं खरकटं घरात काहून आणून राहिला?"

तो खूप हसला. मी हसले नव्हते.

एका दिवाळीच्या तोंडावर तो दोन दिवस बाहेरगावी गेला. लक्ष्मीपूजनाच्या घरात खरकटं कसं ठेवायचं? मी सगळ्या पिशव्या एका परातीत ओतल्या, शिंपले चिंचेने घासले, गच्चीवर वाळवले. पिशव्याही धुतल्या. आतल्या चिठ्ठ्या चुलीत गेल्या. कोणता शिंपला कोणत्या थरातला, ते त्या चिठ्ठ्यांवर होतं... मला कुठे ठाऊक.

तो आला, परातीपाशी बसला. एक शिंपला उचलून म्हणाला, "चकचकीत केले वं बाई." एवढंच. ते शिंपले ज्या ढिगातले, तो पुढे रस्त्याखाली गेला, पुन्हा खणता आला नाही. पुस्तकात त्याने लिहिलं, नमुने त्याच्याच हातून खराब झाले. माझं नाव कुठेच नाही.

शोकसभेत एक प्राध्यापक म्हणाले, माणूस मोठा, पण त्या एका खड्ड्याच्या बाबतीत निष्काळजी राहिला. मी पहिल्या रांगेत होते. उठून बोलायला हवं होतं. उठले नाही... म्हणून हे लिहिते. तो निष्काळजी नव्हता. ते मी केलं.

त्याच्या कपाटावर शेवटच्या खेपेची एक पिशवी आहे. तोंड बांधलेलं, चिठ्ठी आत. शिवणीतून माती गळते. रोज फडकं घेऊन जाते, सगळी खोली पुसते, त्या मातीशी हात थांबतो. पंधरा दिवसांवर दिवाळी आली आहे. घर धुऊन निघेल. ती पिशवी तिथेच राहील, खरकटीच.