नाव नका सांगू, तरास सांगा

गाडी घेऊन कुणी दारात आलं आणि तोंड उघडलं, की मिस्त्री आधी तेलकट पंजा वर करायचे, चौकातल्या पोलिसासारखा.

"नाव नका सांगू. तरास सांगा."

उदगीरला देवणी रोडवर लिंबाच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, आत बुद्धाची तसबीर आणि गिऱ्हाइकासाठी एक लोखंडी खुर्ची. तिचा एक पाय दुसऱ्याच कुठल्या तरी खुर्चीचा होता. नाव म्हणजे रोगाचं नाव. क्लच गेला, पंप गेला, बेरिंग गेलं, असलं काही त्यांच्यापुढे चालत नसे. गाडी काय करते, कधी करते, कुठल्या रस्त्याला करते, एवढंच सांगायचं. तुम्हालाही असा एखादा माणूस भेटला असेल. आपण सगळं ठरवून जावं आणि त्यानं आपल्याला पहिलीच्या वर्गात बसवावं.

एकदा माझ्यासमोर एक जीपवाला आला. बेरिंग गेलंय, लातूरहून नवीन आणू का, म्हणत होता. मिस्त्रींनी पंजा वर केला. मग तरास काय, तर टिकटिक वाजतं. जोरात नेली की टिकटिक भराभर होते, हळू नेली की हळू. मिस्त्री उठले, चारही चाकांभोवती फिरले आणि मागच्या टायरच्या खाचेत अडकलेली खडी पेचकसानं उकरून त्याच्या हातावर ठेवली. "हे घ्या तुमचं बेरिंग," एवढंच म्हणाले. जीपवाल्यानं चहा पाजला आणि हिशेब तिथंच संपला.

मी त्यांच्याकडे गेले ती मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा झाला होता. बोलणं शाबूत होतं, पण उजवा हातपाय गेला होता. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पहिले सहा महिने महत्त्वाचे, आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणा, खाडा करू नका. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. दोन महिने कुणाकुणाच्या गाड्या मागून काढले, आणि मग बदली होऊन चाललेल्या एका इंजिनिअरची जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळाली ती घेतली. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. आईनं गाडीची साग्रसंगीत पूजा केली, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि पहिल्याच फेरीला नळेगावच्या आसपास गाडीनं चार आचके दिले आणि मान टाकली.

पंधरा-वीस मिनिटांनी काहीही न करता ती पुन्हा चालू झाली. पुढच्या फेरीलाही तेच. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, पंप गेला. दुसरा म्हणाला, इंजिन उघडावं लागेल, महिना लागेल. महिना म्हणजे आठ फेऱ्या बुडणार. अण्णांचा पाय तेव्हा नुकता कुठं अंगठ्यापुरता हलायला लागला होता. मी त्या इंजिनिअरला फोन करून सभ्य शब्दांत जेवढं झापता येतं तेवढं झापलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. चार आघाती इंजिनाची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढते. त्यामुळे मिस्त्रींपुढे उभी राहून मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "इंजेक्शन पंप गेलाय." पंजा वर. आई माझ्याबरोबर आली होती, ती खुर्चीवर बसून हे बघत होती. चाळीस मुलांना गप्प बसवणारी तिची लेक तिथं एका हातानं गप्प झाली, याचं तिला बरंच वाटलं असावं.

मग प्रश्न सुरू झाले. डिझेल किती असतं, गाडीत कोण कोण असतं, बंद पडायच्या आधी आवाज बदलतो का, धूर कसला येतो. माझ्या आईला रक्त तपासायला नेलं तेव्हाही कुणी एवढं विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, बंद पडल्यावर तुम्ही काय करता. मी म्हणाले, काय करणार, थर्मासमधला चहा पितो.

"चहा पिऊन झाला की चालू होते?"

"हो."

"मग इंजिनाला काय बी झालं न्हाई, मॅडम. इंजिन बिघडलं तर तुमच्या चहानं बरं होत न्हाई."

त्यांनी एक पांढरा कॅन डिझेलनं भरला, बॉनेटखाली तारेनं बांधला आणि टाकीची नळी काढून कॅनची नळी पंपाला जोडली. याला ते सलाईन म्हणायचे. मग स्वतः मागच्या सीटवर बसले, डोळे मिटले आणि मला म्हणाले, चला लातूरला. नळेगाव आलं, गेलं. मी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली. लातूरच्या अलीकडे त्यांनी डोळे उघडले. पोट सोडून परस्पर सलाईन दिलं की पेशंट पळतो, म्हणजे खोट पोटात हाय, टाकीत, असं ते म्हणाले. गाडी वळवून आम्ही परत आलो.

टाकी खाली उतरवली, पालथी केली, हलवली. मिस्त्रींनी तोंडातून तारेचा आकडा घातला आणि बराच वेळ चाचपून काहीतरी ओढून काढलं. लाल कापडाची, सुपारीएवढी पुरचुंडी. गाडी चालली की ती डिझेलबरोबर ओढली जाऊन नळीच्या तोंडावर बसायची, गाडी थांबली की सुटून बाजूला व्हायची. आमचा चहा होईपर्यंत.

कापड मी ओळखलं. माझ्या जुन्या झंपराचं होतं. आत माहूरचा अंगारा होता, मावशीनं आणलेला. माणसाला अंगारा लावतात तेव्हा थोडा कपाळाला आणि चिमूटभर तोंडात. आईनं गाडीच्या कपाळाला लावला होता, आणि गाडी जिथून डिझेल पिते ते तिचं तोंड, असा साधा हिशेब करून उरलेला तिथून आत सोडला होता. तिची चूक मला आजही चूक वाटत नाही.

आई खुर्चीवरून अर्धी उठली होती. तिनं विचारलं, काय निघालं.

मिस्त्रींनी मूठ मिटली. "कचरा हाय, माय. जुन्या मालकाचा."

मग आत जाऊन त्यांनी ती पुरचुंडी साबणाच्या पाण्यात दोनदा धुतली, पिळली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गाडीत बसताना माझ्या हातात दिली. असल्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी हलक्या आवाजात म्हणाले, "माईला बोलू नका. औषध बरुबर हाय, जागा चुकली."

घरी येऊन मी त्या इंजिनिअरची फोनवर माफी मागितली. आईला काही सांगितलं नाही. पण त्यानंतर लातूरच्या प्रत्येक फेरीला निघताना मिस्त्रींसाठी धपाटे बांधून द्यायची तिनं प्रथाच पाडली. वर्षभरानं एकदा सहज बोलून गेली की मुठीतून लाल टोक दिसलं होतं.

आमचा एकही खाडा झाला नाही. सहाव्या महिन्यात अण्णांचा पाय जमिनीवरून उठला. काठी घेऊन चालायला लागले तेव्हा त्यांनी हट्ट धरला, मिस्त्रीकडे न्या. गाडीपासून खुर्चीपर्यंत आठ पावलं होती. मी दंड धरायला पुढं झाले तर मिस्त्रींनी तोच पंजा वर केला. मान तिरकी करून ते अण्णांची पावलं ऐकत राहिले. अण्णा बसल्यावर म्हणाले, आवाज बरुबर हाय. त्या माणसाच्या पाया पडावं असं मला त्या क्षणी वाटलं, आणि शिक्षकी संकोचानं मी पडले नाही.

गेल्या हिवाळ्यात मी ऑइल बदलायला गेले होते. शेडमध्ये गार होतं, पण मिस्त्रींच्या कपाळावर घाम होता. एका हातानं पाना धरून दुसऱ्या हातानं ते छाती चोळत होते. काय झालं, मी विचारलं. "पित्त हाय," ते म्हणाले. मी म्हणाले, तिखट कमी करा. धपाट्यातली मिरची कमी करायला माईला सांगा, असं म्हणून ते हसले, आणि मी घरी आले.

तिसऱ्या दिवशी कळलं, मिस्त्री गेले, हार्ट अटॅकनं. दोन दिवस ते सगळ्यांना पित्तच सांगत होते.

आम्ही तिघं त्यांच्या घरच्यांना भेटून गॅरेजवर गेलो. शेड बंद होती, खुर्ची लिंबाखाली तशीच होती. अण्णा काठी टेकत तिथवर गेले, पण बसले नाहीत. मिस्त्री शेवटचे भेटले तेव्हा काय म्हणाले, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं.

अण्णांनी काठीनं खुर्चीचा तो परका पाय ठोकून पाहिला. मग म्हणाले, "त्यानं नाव सांगितलं. तू तरास इचारलास का न्हाई?"

मी विचारला नव्हता.