बाबाजीमामाची गंजी

बाबाजीमामा गेला तर आता ज्याला त्याला त्याचा पुळका आलाय. फोनवर एकेक जण म्हणतोय, देवमाणूस व्हता. जिता व्हता तवा ह्याच देवमाणसाला गवतराख्या म्हणून हसायचे.

आता राखतच व्हता गवत, त्यात खोटं काय. दुबईच्या भायेर वाळूत कुंपण घातलेलं मोठं रान हाय, राखीव. आत नुसतं गवत आन लांब सरळ शिंगांची पांढरी हरणं. मामा माणदेशातला धनगर, मेंढरामागं जन्म गेलेला. कुंपणाची तार नीट करायची, पाण्याची टाकी भरायची, एवढंच काम. पण त्याला वाटायचं, आपण आपलं मेंढरांचं खांडच राखतोय. दुबईत राहून मॉल बघितला न्हाई. म्हणायचा, "तिथं काय गवत हाय का?" असला येडा.

होळीच्या सुमाराला गवत वाळलं. आपल्याकडं गवत पिवळं पडलं की कापून पेंढ्या बांधतात, गंजी लावतात, त्यावर जनावर उन्हाळा काढतं. मामानं तेच केलं. मोडक्या करवतीच्या पात्याचा विळा केला, सुट्टीदिवशी गवत कापलं, गंजी रचली. पाणी निथळावं म्हणून वर उतार पण दिला. पाऊस पडतोय कुठं तिथं. कुणाला विचारलं न्हाई. मेंढक्याला वैरण कापायला कुणाला विचारावं लागतंय?

कंपनीचा मॅनेजर निखिलसाहेब पुण्याचा, दुबईतच डिस्कव्हरी गार्डन्सला राहणारा. एक दिवस जीपमधनं बायकोपोरासकट रान दाखवायला आला. मैथिलीमॅडम गंजी बघून हरखली. "हाऊ क्यूट, अगदी गावासारखं." पोराला वर बसवून फोटो काढले. पोरगं म्हणतंय, "पप्पा, इट्स सो इची." फोटो झाल्यावर मग साहेबाला आपली नोकरी आठवली.

"बाबाजी, किसने बोला कापायला? इथं गवत उभंच ठेवायचं असतं. बी खाली गळतं, पाखरं आत घरटी करतात."

"मग उन्हाळ्यात जनावर खाईल काय, साहेब?"

"ते डिपार्टमेंट बघेल."

साहेबानं कापलेल्या जागेत बोट दाखवलं. चंडोलाचं घरटं उघडं पडलं व्हतं, अंडी फुटलेली. मामा घरट्याशी उकिडवा बसला. म्हणला, "चुकलं माझं. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण इथनं हलवू नका."

साहेब खरा व्हता, मामा चुकला. मान्य. पण चुकीची गंजी फोटोला चालली, गंजी रचणारा चालला न्हाई. त्याच आठवड्यात मामाला शेजारच्या अजमानला, कंपनीच्याच टॉवरच्या बांधकाम साइटवर टाकलं.

निघताना मामानं विचारलं, "परत कधी बोलवणार?"

"बघू, इन्शाल्ला."

साहेब लोकांचं इन्शाल्ला म्हंजे न्हाई, हे तिथं कालच्या आलेल्या माणसाला पण कळतं. मामाला कळलं न्हाई. देवाचं नाव घेऊन कोण कशाला खोटं बोलंल, म्हणायचा.

अजमानच्या खोलीत त्यानं बॅग रिकामी केली न्हाई. लागंल तो कपडा काढायचा, धुऊन वाळला की परत आत. खोलीतली पोरं टवाळी करायची, "यल्ला मामा, चल, जीप आली." मामा खरंच खिडकीशी जायचा. मग ती खिदळायची. आता हीच फोनवर देवमाणूस म्हणत्यात.

साइटवर छातीत कळ आली, तिथंच बसला, उठला न्हाई.

साहेबाचा कावेरीमामीला फोन आला. म्हणला, "सामान आम्ही व्यवस्थित पॅक करून पाठवतो."

पॅक करायला ठेवलं काय व्हतं मामानं. बॅगेची चेन पण लावलेली व्हती.