एक दात तिरकं स्टिअरिंग

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत मी सेक्रेटरी झालो तो मला कुणाला नाही म्हणता आलं नाही म्हणून. पण झाल्यावर नोटिसा मात्र मी मनापासून लावल्या. त्यातली एक बंद पडलेल्या गाड्या हलवण्याबद्दल होती. आवारात पाय ठेवायला जागा नाही आणि बाबुरावांची जुनी पांढरी मारुती जिन्यासमोर धूळ खात उभी. मांजरीनं तिच्याखाली दोनदा संसार थाटला होता.

त्याच संध्याकाळी बाबुरावांच्या बायको, मंजुळाताई, नोटीस फळ्यावरून काढून थेट माझ्या दारात.

“सुदेशभाऊ, बंद कुणाला म्हणता? गाडी चालू आहे. चालवणारा बसलाय.”

मी भांडायच्या तयारीत होतो, पण यावर भांडणार काय? नोटीस परत घेतली आणि त्यांना चहा विचारला.

हे दोघं ठाण्याच्या शहर बसवर होते. बाबुराव ड्रायव्हर, मंजुळाताई कंडक्टर. लोकांना वाटतं नवरा-बायको एका बसवर म्हणजे दिवसभर गप्पा. कसल्या गप्पा! ते पुढे, त्या मागे आणि मध्ये खच्चून भरलेली माणसं. आख्खी पाळी एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. बोलणं व्हायचं ते बेलवर. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. डबल बेल पडल्याशिवाय बाबुरावांनी गाडी कधी तसूभर पुढे घेतली नाही, मग मागून कितीही हॉर्न वाजोत.

“बेलवरून मला कळायचं,” ते मला सांगायचे, “आज हिचं डोकं फिरलंय की डबा खाऊन झालाय.”

त्यांचं लग्नही बेलवरच ठरलं. एकदा शेवटच्या स्टॉपला बस रिकामी झाल्यावर बाबुरावांनी मागे वळून एकदाचं विचारून टाकलं. मंजुळाताई आपल्या जागेवर गेल्या आणि डबल बेल मारली. बसमध्ये तेव्हा चिटपाखरू नव्हतं. हा किस्सा बाबुरावांनी मला इतक्या वेळा ऐकवलाय की मी हात जोडायचो. त्या दिवसांत मात्र वाटायचं, अजून शंभरदा ऐकवावा.

कारण बाबुराव बोलायचेच बंद झाले होते. निवृत्तीनंतर सेकंडहँड घेतलेली ती मारुती त्यांनी हौसेनं फिरवली, बायकोलाही शिकवली, आणि मग अर्धांगाचा झटका आला. काठीच्या आधारानं पाय सावरले, जीभ सावरली, डावा हात मात्र लोंबकळत राहिला. दवाखान्यातून आल्यावर एकदा ते आवारात गाडीत जाऊन बसले होते. जुनी गाडी, स्टिअरिंग दगडासारखं जड. उभ्या गाडीत ते वळवायला दोन हात आणि वर छातीचा जोर लागतो. बाबुरावांनी एका हातानं ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, मग खाली उतरून किल्ली बायकोच्या हातात दिली. त्या दिवशी त्यांनी खिडकीतली आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे केली. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, पुन्हा भिंत. धडधाकट जीभ असलेला माणूस दिवसाकाठी हो-नाहीच्या पलीकडे जाईना.

नोटिशीनंतर काही दिवसांनी मंजुळाताईंनी जाहीर केलं की त्यांचा खांदा धरलाय. म्हणे स्टिअरिंग ओढवत नाही, तेव्हा गाडीत नव्या मॉडेलचा पॉवर स्टिअरिंगचा रॅक बसवून घ्यायचा. रॅक म्हणजे चाकं वळवणारा दात्यांचा दांडा. नव्या गाडीत त्याला पंपाचा जोर असतो, माणसाला बोटानं फिरवता येतो. घरात बामाचा वास सुटला. बाबुरावांनी बऱ्याच दिवसांनी एक आख्खं वाक्य उच्चारलं, तेही कुत्सित.

“पॉवर स्टिअरिंग म्हणजे दुसऱ्यानं घास भरवणं.”

“भरवू दे,” मंजुळाताई म्हणाल्या. “माझा खांदा दुखतोय.”

दुसऱ्या दिवशी पाणी कमी दाबानं आलं. बघतो तर या बाई दुखऱ्या खांद्यानं भरलेली बादली घेऊन जिना चढताहेत.

“ताई, खांदा?” मी विचारलं.

त्यांनी बादली टेकवली, वर दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “माझ्यासाठी म्हटलं तर येतील. त्यांच्यासाठी म्हटलं तर खुर्ची सोडणार नाहीत. एका हातानं का होईना, एकदा त्यांनी स्टिअरिंग धरलं पाहिजे, सुदेशभाऊ. नाहीतर हा माणूस त्या भिंतीतच जाईल. तुम्ही पण चला बरोबर, तिथवर गाडी तुम्ही न्या.”

मी कशाला, असं मी म्हटलं. अशा वेळी मी नेहमी असंच म्हणतो आणि मग जातो.

गॅरेज दिवा स्टेशनच्या पुढे, शीळच्या रस्त्याला होतं. मालक काळुराम तिथल्याच गावचा आगरी, उंच आवाजाचा आणि मऊ मनाचा. अपघातात मागून चेपलेल्या एका नव्या मॉडेलचा रॅक त्यानं शोधून ठेवला होता, पंप आणि नळ्यांसकट. पण बसवायला गेला तर नव्याचे बोल्ट लावायचे कान जुन्याच्या भोकांवर येईनात. “दोन्या बहिनी, पन एकीची चोली दुसरीला व्हत नाय,” काळुराम म्हणाला आणि पट्ट्या कापून वेल्डिंगला बसला.

बाबुरावांना प्लास्टिकची खुर्ची दिली होती. त्यांनी ती मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून मांडली. मी त्यांच्या शेजारी बसून सोसायटीच्या टाकीबद्दल बोलत होतो आणि ते ऐकत नव्हते. वेल्डिंगचा आवाज आला तशी खुर्ची थोडी सरकली. जुना रॅक खाली पडला, ठण्ण, तशी आणखी थोडी. जेवणाच्या वेळेपर्यंत खुर्चीचं तोंड सरळ गाडीकडे झालं होतं. मी टाकीचा विषय सोडून दिला.

उन्हं कलली तसं काम उरकलं. काळुरामनं एक फेरी मारून आणली, मंजुळाताईंना बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

“काकी, चाकं सरळ हायत, पन स्टेरिंग एक दात तिरकं बसलंय. थांबा, काढून सरळ करतो.”

“नको. तसंच राहू दे.”

“ताई!” माझा पारा चढला. “एवढा दिवस घालवलात आणि आता काम अर्धवट सोडता? करू द्या की त्याला.”

“तुम्ही गप गाडीत बसा,” त्या म्हणाल्या.

मी तोंड फुगवून मागे बसलो. बाबुराव डाव्या बाजूला, ताई स्टिअरिंगवर. गॅरेजच्या मागे नव्या टॉवरांसाठी मैलभर जमीन सपाट करून ठेवली आहे. ना माणूस, ना झाड. तिथे त्यांनी गाडी घातली आणि सरळ रेषेत हाकू लागल्या. बाबुराव खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांची नजर आत वळली, स्टिअरिंगवर गेली आणि तिथेच अडकली.

“तिरकं आहे.”

“असू दे. मला चालतंय.”

“चालतंय काय? गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं? एक दात सरकलाय तो. त्या काळुरामला दिसलं नाही?”

“मला काय कळतंय त्यातलं? मी मागची.”

“थांबव. थांबव आधी! उतर, मला बघू दे.”

एवढी वाक्यं सलग! मी मागच्या सीटवर ती मोजत होतो. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला की ते स्टिअरिंग वाकडं का ठेवलं होतं. सेक्रेटरीच्या अकलेला एवढा वेळ लागतोच.

दोघांनी जागा बदलल्या. बाबुराव काठी बाजूला ठेवून बसले, डावा हात मांडीवर ठेवून घेतला आणि उजवा तळवा स्टिअरिंगवर टेकवला. इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत त्यांनी तो हळूच फिरवला. पुढची चाकं मातीवर करकरत वळली. त्यांनी चमकून हात काढला. पुन्हा ठेवला. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, मग मधोमध. एका हातानं.

“फारच हलकं आहे हे,” ते कुरकुरले, पण हात काही उचलला नाही. मग समोरच बघत म्हणाले, “मंजुळा, खांदा कोणता गं दुखत होता तुझा?”

“उजवा.”

“बाम डाव्याला चोळत होतीस.”

मंजुळाताईंनी पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण मला भरून आलं होतं आणि आरशात ते दिसलं असतं.

“गिअर मी टाकते,” ताई म्हणाल्या. “तुम्ही क्लच दाबा.”

त्यांनी क्लच दाबला, ताईंनी पहिला गिअर टाकला. गाडी थरथरत उभी राहिली. बाबुरावांचा हात स्टिअरिंगवर, नजर पुढे, समोर सगळं रान मोकळं, आणि गाडी काही हलेना. मला वाटलं, घाबरले. म्हणणार होतो, राहू द्या बाबुराव, पुन्हा कधीतरी येऊ. पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कान मागे लावून बसलेला माणूस असतो ना, तसे ते बसले होते.

मंजुळाताईंना ते माझ्याआधी कळलं. त्यांनी पर्समधून घराची किल्ली काढली आणि समोरच्या डॅशबोर्डवर वाजवली. टक्. दुसरी वाजवायला हात उचलला, पण किल्लीच हातातून निसटून खाली पडली.

“एकच आली,” बाबुराव म्हणाले. “एकीवर गाडी जात नाही.”

ताईंनी चाचपडत किल्ली उचलली. डोळ्यांतलं पाणी आता त्या लपवतही नव्हत्या.

बाबुरावांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. “रडतेस काय,” ते हळूच म्हणाले, “मागं पॅसेंजर बसलाय.”

ताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि डबल बेल दिली.